दाढेतली चांदी

गिरगावच्या चाळीतल्या एखाद्या आजोबांच्या मागच्या दाढेत काळपट करडा ठिपका दिसतो. घरात त्याला ‘चांदी भरलीये’ म्हणतात. नातवाच्या दाढेत मात्र दाताच्याच रंगाचं ‘सिमेंट’ असतं. काळ्याचं पांढरं व्हायला काही दशकं लागली.

ही चांदी निव्वळ चांदी नव्हे. चांदी, कथील, तांबं यांची पूड आणि जवळपास निम्मा पारा. हे मिश्रण दाताला चिकटत नाही, अडकून बसतं. त्यासाठी खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावा लागतो. किडीबरोबर थोडा चांगला दातही जातो. पण एकदा बसलं की वर्षानुवर्षं चणे-फुटाणे खायला मोकळे.

१९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं, की फॉस्फोरिक ॲसिडने दाताचं वरचं कवच खरखरीत केलं तर त्याला रेझीन घट्ट धरतं. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी काचेसारखे बारीक कण मिसळलेल्या नव्या रेझीनचं पेटंट घेतलं. हेच कॉम्पोझिट. पुढच्या दातांत ते शोभलं, दाढांत मात्र झिजलं. सुरुवातीचे कण मोठे होते. चावताना मधलं रेझीन झिजायचं आणि कण निसटायचे. पुढे कण बारीक झाले, निळ्या प्रकाशाने घट्ट होणारं रेझीन आलं आणि दाताच्या आतल्या थरालाही धरून ठेवणारी रसायनं आली.

मग आता टिकतं का? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका अभ्यासात दाढांमधली सुमारे ६३ टक्के कॉम्पोझिट ३० वर्षांनीही शाबूत होती. उलट, अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात कॉम्पोझिट निकामी होण्याचा धोका चांदीच्या जवळपास दुप्पट निघाला. दोन्ही खरं असू शकतं. घट्ट होताना रेझीन किंचित आकसतं आणि कडेला फट राहू शकते. भरताना लाळ लागली तर पकड सैल होते. तोंडात कीड वारंवार होत असेल, तर ती त्याच कडेने पुन्हा शिरते.

म्हणजे कॉम्पोझिटला कोरडी दाढ आणि निवांत हात लागतो. खरा प्रश्न इथेच आहे. पाऱ्याचा वापर घटवणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून ही चांदी जवळपास बंदच केली. पर्यावरणासाठी हे चांगलंच. पण गिरगावपासून जवळच, मुंबई सेंट्रलला, महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. अशा सरकारी दवाखान्यांत रांग लांब असते आणि रुग्णाला पुन्हा सुट्टी मिळेलच असं नसतं. पाऱ्यासोबत स्वस्त, घाईतही निभावणारा एक पर्याय जातो आहे. त्याच्या जागी फक्त नवं मटेरियल देऊन भागणार नाही, वेळही द्यावा लागेल.

तोवर, आजोबांची चांदी शाबूत असेल तर केवळ रंगासाठी ती उकरू नका. आणि तुमच्या सिमेंटचा कोपरा उडालाच, तर ‘सगळं काढायचं का, तेवढंच दुरुस्त होईल?’ हे आधी विचारा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.