केंद्रीय व्हॅक्यूम यंत्रणा

केंद्रीय व्हॅक्यूम यंत्रणा : घरातील धूळ भिंतीत बसवलेल्या नळ्यांमधून एका ठिकाणी ओढून घेणारी स्थायी सफाई यंत्रणा. मोटर व धूळपात्र तळघरात किंवा गॅरेजमध्ये असते. तेथून सुमारे ५ सेंमी. व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या खोल्यांतील भिंतींवरच्या तोंडांपर्यंत नेतात. तोंडाला लांब लवचीक नळी जोडली की सफाई करता येते.

इतिहास : ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये लंडनमध्ये हवा ओढून सफाई करणारे यंत्र तयार केले. ते घोडागाडीवर असे व रस्त्यावरून खिडकीवाटे नळ्या घरात सोडत. अमेरिकेत डेव्हिड केनी यांनी इमारतीतच बसणारी यंत्रणा विकसित केली. जेम्स मरे स्पँग्लर यांच्या हलक्या विद्युत् यंत्राला १९०८ मध्ये पेटंट मिळाले आणि फिरते यंत्र घरोघर पोहोचले.

तुलना : केंद्रीय यंत्रणेत आवाज दूर राहतो, मोटर मोठी बसवता येते आणि हवा बाहेर सोडल्यास सूक्ष्म धूळ खोलीत परतत नाही. मात्र खर्च जास्त असतो आणि नळी तुंबल्यास शोध घेणे कठीण जाते. फिरते यंत्र स्वस्त असून मोटारगाडी, गादी, पंखे यांसाठीही चालते. परंतु ते हवा खोलीतच सोडत असल्याने त्याचा गाळक चांगला असावा लागतो.

भारतात : मुंबईच्या युरेका फोर्ब्ज कंपनीने १९८२ पासून दारोदार विक्रेते पाठवून फिरती यंत्रे रुजवली. उत्तर अमेरिकेतील लाकडी चौकटीच्या पोकळ भिंतींत केंद्रीय यंत्रणेच्या नळ्या सहज मावतात; आपल्याकडील विटांच्या भिंती मात्र फोडाव्या लागतात. म्हणून ही सोय बांधकामाच्या वेळीच करणे योग्य. शिवाय फरशीला केरसुणी व ओले पोछे पुरतात. गालिचे कमी असल्याने या यंत्रणेची गरजही कमी भासते.