श्रीक्षेत्र सौताडा व परिसर

बालाघाटाच्या डोंगरपठारावर, पाटोदा तालुक्यात, बीडहून जामखेडकडे जाणाऱ्या मार्गावर सौताडा हे छोटेसे गाव वसले आहे. गावालगत विंचरणा नदी उंच कड्यावरून खोल दरीत झेप घेते. दरीच्या तळाशी श्री रामेश्वराचे देवस्थान आहे. रामाने पूजिलेला ईश्वर तो रामेश्वर. श्रावणात येथे भाविकांची रीघ लागते.

या पठारावरचे पाणी दोन वाटांनी जाते. विंचरणा दक्षिणेस सीनेला मिळते व सीनेवाटे भीमेत जाते. याच तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र पूर्वेकडे वळून, सुमारे ७२४ कि.मी. चा प्रवास करून गोदावरीस मिळते. जवळच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ साली घोषित झाले.

दोन खोऱ्यांना पाणी देणारा हा डोंगर स्वतः मात्र तहानलेला. काळ्या कातळावर पाणी ठरत नाही. पावसाळा सरला की धबधब्याची धार रोडावते आणि दिवाळीच्या सुमारास येथील कित्येक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. २०१६ साली मांजरा धरण आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उगमाकडे दुर्लक्ष झाले की खालच्या गावांनाही झळ पोहोचते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

देवालयाचा जीर्णोद्धार करणाऱ्या हातांनी डोंगरउतारावर चर खणावेत, झाडे लावावीत, ओढे अडवावेत. रामेश्वराच्या चरणी ती खरी सेवा ठरेल.