‘हेमाडपंती’ : एका कचेरीप्रमुखाचे नाव आणि पाषाणाची वास्तू

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवालयाविषयी लिहिणारा बहुतेक प्रत्येक जण त्यास ‘हेमाडपंती’ म्हणतो, आणि त्याच वाक्यात त्याचा काळ तेराव्या शतकाचा ठरवून मोकळा होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना हे अनुमान इतक्या वेळा प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीस पडले आहे की, त्याचा स्वतंत्रपणे विचार करणे अगत्याचे वाटते. ‘हेमाडपंती’ हा शब्द काळाचा पुरावा होऊ शकतो काय? होत नसल्यास, तो कशाचा पुरावा आहे?

ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाद्री स्थपती नव्हता. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी तो ‘श्रीकरणाधिप’ होता. शके ११९४ (इ. स. १२७२) च्या ठाणे येथील ताम्रपटातही त्याचा या अधिकारासह निर्देश येतो. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा प्रचंड ग्रंथ धर्मशास्त्राचा. ‘अष्टांगहृदया’वरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका वैद्यकाची. ‘मुग्धबोध’ हे व्याकरण रचणारा बोपदेव त्याच्या आश्रयास होता. धर्मशास्त्र, वैद्यक आणि व्याकरण यांच्या या वर्तुळात टाकी-हातोड्याचा नाद कोठेच ऐकू येत नाही.

‘श्रीकरण’ या पदाकडे मात्र नीट पाहिले पाहिजे. ‘करण’ म्हणजे लेखन व हिशेब यांचे काम, आणि ते जेथे चालते ती कचेरी. हाच शब्द आपल्या ‘कुळकर्णी’ या नामात टिकून आहे. तेलुगू प्रदेशातील गावाचा हिशेबनीस ‘करणम्’, आणि ओडिशातील लेखनवृत्तीची जात ‘करण’. गावच्या कुळकर्ण्याच्या बस्त्यापासून देवगिरीच्या श्रीकरणापर्यंत एकच धातू आणि एकच व्यवसाय आहे. त्या व्यवसायाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे नाव दगडाच्या बांधणीस मिळावे, ही गोष्ट आपण नित्य परिचयामुळे नवलाची मानीत नाही. वस्तुतः ती फार नवलाची आहे.

काळाच्या प्रश्नाचा निकाल चटकन लागतो. अंबरनाथ येथील शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार मुम्मुणीच्या कारकिर्दीतील आहे. हेमाद्रीच्या उदयापूर्वी दोनशे वर्षे उभे असलेल्या या मंदिरासही लोक हेमाडपंतीच म्हणतात. उलट पक्षी, औंढ्याच्या देवालयाचा खालचा कोरीव पाषाणाचा भाग आणि वरचे उत्तरकालीन शिखर यांत उघड्या डोळ्यांना दिसेल इतका भेद आहे; तेथील जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांच्या नावे सांगितला जातो. तेव्हा एकाच वास्तूच्या अंगावर दोन काळ असताना सबंध वास्तूस एक विशेषण लावून शतक सांगणे सदोष होय. हेन्री कझिन्स यांचे दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अभ्यासकांना ही अडचण ठाऊक आहे, परंतु ती प्रबंधांच्या परिशिष्टापर्यंत उतरलेली नाही.

आता शब्दाकडे. ‘हेमाडपंती’सारखीच घडण असलेला दुसरा शब्द मराठीत आहे, तो म्हणजे ‘मलिकंबरी’. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याच्या जमाबंदीच्या पद्धतीला ‘मलिकंबरी धारा’ हे नाव चिकटून राहिले. उत्तरेत तोरडमल्लाचे नाव महसुलाशी असेच जोडले गेले. या नावांनी कोणी एक वस्तू निर्माण केली असे सांगितले जात नाही; कामाची एक रीत कोणी बसविली ते सांगितले जाते. शब्दाचा अर्थ या जातीच्या शब्दांत ठेवून पाहिला, तर ‘हेमाडपंती’ म्हणजे ‘हेमाडपंताने बांधलेले’ असा नसून ‘हेमाडपंताच्या रीतीचे’ असा निघतो. लोकपरंपरेने मोडी लिपीही त्याच्याच नावावर घातली आहे, आणि कारकुनांनी पाळावयाच्या नियमांचे ‘मेस्तक’ही. मेस्तकाची उपलब्ध रूपे भाषेवरून उत्तरकालीन दिसतात, त्यांना यादवकालीन म्हणणे कठीण आहे. पण जलद लिहिण्याची लिपी, पत्रांचे मायने, हिशेबाच्या रीती आणि दगडाची बांधणी या चार गोष्टी समाजाने एकाच माणसाच्या पदरात घातल्या, यातील संगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ही संगती बांधणीच्या स्वरूपातच असावी असे मला वाटते. चुन्याविना रचलेल्या चिऱ्यांच्या भिंतीत चूक लपत नाही. चुन्याच्या दर्जात बोटभर फरक भरून निघतो. कोरड्या सांध्यात तो पुढच्या प्रत्येक थरात चढत जातो. म्हणून चिरा जागेवर चढण्यापूर्वीच पुरा घडलेला असावा लागतो, त्याचे माप ठरलेले असावे लागते, आणि कोणता चिरा कोठे जावयाचा याची काही तरी नोंद किंवा खूण असावी लागते. मध्य प्रदेशातील भोजपूर येथे खाणीच्या खडकांवर कोरलेले मंदिराचे आराखडे आणि दगडांवरील पाथरवटांच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. अशा कामात सूत्रधाराच्या शेजारी माप व मजुरी लिहिणारा माणूस बसलेला असणे अपरिहार्य होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातील मोजमाप पुस्तक ज्यांनी हाताळले आहे, अथवा वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशांचे क्रमांक, ठेकेदाराची देयके व साहित्याची आवक सांभाळली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बांधकामाविषयी कारभाऱ्याने काय पाहावे, याचे मराठीतील सर्वांत स्पष्ट लेखन मात्र यादवांनंतर चार शतकांनी झाले. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. त्यातील दुर्गांचे प्रकरण राजनीतीचे म्हणून वाचले जाते. वस्तुतः त्याचा मोठा भाग इमारतीच्या व्यवस्थेचा आहे. स्थळ निवडताना आधी पाणी पाहावे. नसल्यास बांधकामाच्या आधी खडक फोडून टाकी करावीत. एकाच झऱ्यावर विसंबू नये. दारूखाना घराजवळ नसावा. गडाचे काम तात्पुरती वेळ मारून नेणारे नसावे. आरमाराच्या प्रकरणातील लाकडाविषयीची सूचना तर साहित्यखरेदीचा धडाच आहे. साग परवानगीने तोडावा. आंबा-फणसाची झाडे उपयोगी खरी, पण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. येथे बोलणारा माणूस स्थपती नाही. तो खर्च, साठा, मुदत आणि तक्रार यांचा विचार करणारा अमात्य आहे. शिवकालीन बारा महालांच्या यादीत ‘इमारत’ हा एक महाल होता, हेही येथे लक्षात घ्यावे.

स्थपतीचे काय झाले, हा यातला दुखरा भाग. संस्कृत शिल्पग्रंथ स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक अशी कारागिरांची उतरंड देतात. औंढ्याच्या भिंतीवरील मूर्ती घडविणारा तक्षक आपल्या बोलण्यात कधी येत नाही. त्याच्या जागी मंत्र्याचे किंवा राणीचे नाव येते. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचे नाव आहे. त्याचे उपनाव कोणी ‘इटळकर’ वाचतात, कोणी ‘इंदुलकर’. तेथे निदान वाचनाविषयी वाद घालण्यास अक्षरे तरी आहेत. शब्दाने कारभाऱ्यास स्मरणात ठेवले आणि घडविणाऱ्यास गाळले. म्हणून ‘हेमाडपंती’ हे विशेषण आपण जितक्या बेफिकिरीने वापरतो, तितका हा विसर पक्का होत जातो.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, आणि त्याच्या वास्तूंच्या नोंदी नव्याने करण्याचे काम आता विद्यार्थी हाती घेत आहेत. त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते की, औंढ्यास गेल्यावर प्रथम खालच्या थरांच्या चिऱ्यांची उंची मोजावी, सांधे पाहावेत, कोठे चुना आहे व कोठे नाही ते नोंदवावे, पाथरवटाची खूण दिसल्यास तिचा ठसा घ्यावा. शिखराची नोंद वेगळ्या पानावर करावी. आणि ‘हेमाडपंती’ हा शब्द बांधणीच्या रकान्यात लिहावा, काळाच्या रकान्यात लिहू नये.