खोली, खानावळ आणि गाव : गिरणगावात माणूस रुजला कसा?

आजचा विषय तसा आपल्या सगळ्यांच्या घरातलाच आहे. कामासाठी गाव सोडून नव्या ठिकाणी जायचं आणि तिथे बस्तान बसवायचं. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरात आजोबांनी, पणजोबांनी नाहीतर आपणच हे केलेलं असतं. पण इतिहासाच्या पुस्तकात हा विषय एका वाक्यात संपतो : “गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातून, घाटावरून लोक मुंबईत आले.” आले, म्हणजे नेमकं काय झालं? पहिल्या रात्री झोपले कुठे? जेवले कुणाकडे? काम कुणी मिळवून दिलं? आणि मागे राहिलेलं घर कुणी सांभाळलं? आज आपण या साध्या प्रश्नांच्या मागे जाणार आहोत.

आधी काळाची चौकट बघू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागलं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची रांग उभी राहिली. १९२० च्या दशकात तिथे काम करणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या घरात होती. १९२१ ची जनगणना सांगते की मुंबईतल्या शंभर माणसांपैकी ऐंशीहून जास्त माणसं शहराबाहेर जन्मलेली होती. त्यात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली दोन लाखांहून अधिक. हे रत्नागिरी म्हणजे तेव्हाचं, आजचा सिंधुदुर्ग त्यातच होता. आणि आणखी एक आकडा लक्षात ठेवा, कारण तो पुढे लागणार आहे. शहरात हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे हे शहर मोठ्या प्रमाणावर एकट्या पुरुषांचं होतं.

रत्नागिरीतूनच एवढे लोक का आले? भाताची जमीन थोडी, बाकी वरकस. त्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवायची, आणि पिकाचा मोठा वाटा खोताला द्यायचा. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. ज्या महार कुटुंबांना लष्कराच्या नोकरीचा आधार होता, त्यांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात थांबवली. तेव्हा घरातला एक तरी माणूस बाहेर पडल्याशिवाय सारा आणि देणी भागत नव्हती. लोक मुंबईला गेले ते शेती सोडण्यासाठी गेले नाहीत. शेती टिकवण्यासाठी गेले. ही गोष्ट नीट समजून घेतली नाही, तर पुढचं सगळं चुकीचं दिसतं.

प्रवास समुद्रमार्गे. कोकणात रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. त्याआधी शंभर वर्षं वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरं घेत आगबोट मुंबईला यायची. बऱ्याच बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. म्हणजे जूनमध्ये घरचा निरोप आला, तरी निघणं सोपं नव्हतं.

आता मुंबईत उतरलेला हा विशीतला मुलगा जातो कुठे? तो जातो गावाच्या खोलीवर.

ही “गावाची खोली” म्हणजे आपल्या सामाजिक इतिहासातली एक विलक्षण संस्था आहे. चाळीतली दहा बाय बाराची एक खोली. भाडेपावती कुणा एकाच्या नावावर, पण खोली गावाची. राहणारे दहा, पंधरा, कधी वीस-पंचवीस. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि कपड्यांना एक खुंटी. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर. भाडं सगळ्यांत वाटून द्यायचं. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. उन्हाळ्यात अर्धे लोक गॅलरीत, अर्धे फुटपाथवर. नवीन आलेल्याला काम लागेपर्यंत भाडं मागायचं नाही, हा अलिखित नियम. काम लागलं की वर्गणी सुरू. ही वर्गणी पुढे गावात देऊळ, शाळेची खोली, विहीर अशा कामांना जायची. आजही कोकणातल्या एखाद्या देवळाच्या पाटीवर “ग्रामस्थ मंडळ, मुंबई” असं दिसतं ना, त्याचं मूळ या खोलीत आहे.

असंच काहीसं गोव्याच्या लोकांनीही केलं होतं. धोबी तलाव, माझगाव या भागात त्यांचे “कूड” होते, कोकणीत कूड म्हणजे खोलीच. एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर खलाशी म्हणून, स्वयंपाकी म्हणून जाणारा गोंयकार पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा. तिथेही भिंतीला लागून ट्रंका, आणि समोर गावच्या संताची वेदी. संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहायचं. धर्म वेगळा, धंदा वेगळा, पण युक्ती तीच : परक्या शहरात आधी आपल्या गावाएवढी जागा मिळवायची, मग शहराकडे बघायचं.

खोलीनंतर काम. गिरणीत माणसं घ्यायचा तो जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम. तो बहुधा आपल्या ओळखीची, आपल्या मुलुखाची माणसं भरायचा. त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा, उसने पैसे द्यायचा, कधी राहायची जागाही बघून द्यायचा. सुरुवातीला काम बदलीचं : सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं आत जायचं. नाहीतर परत. अशी महिनोन् महिने वाट बघणाऱ्या माणसाला गावाची खोली नसती तर तो शहरात टिकला असता का? गिरणीमालकांना हवा तेवढाच आणि हवा तेव्हाच मजूर मिळत होता, कारण उरलेल्या दिवसांचा त्याचा खर्च गाववाले उचलत होते. हा हिशोब गिरणीच्या वहीत कधी लागला नाही.

आणि जेवण? इथे तो सव्वापाचशेचा आकडा आठवा. एवढ्या एकट्या पुरुषांना रांधून घालणार कोण? खानावळवाली. बहुतेक वेळा ती गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. स्वतःच्या एकाच खोलीत दहा, वीस, तीस माणसांचा स्वयंपाक. पहाटे उठून भाकऱ्या, पाळी सुटली की पुन्हा पंगत. पैसे मिळणार महिन्याच्या पगाराला, तोपर्यंत वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हे, महिनाभर ती कामगाराला उधारीवर जगवत होती. आजारी माणसाला पेज करून देणं, घरी पाठवायचे पैसे जपून ठेवणं, हेही तिच्याकडे. ही माणसं तिला मावशी म्हणायची ते उगाच नाही. पण कामगार चळवळीच्या इतिहासात ही मावशी फार उशिरा आली. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोपर्यंत गिरणी उद्योगाला सव्वाशे वर्षं होत आली होती.

दुसरी बाई गावात. नवरा मुंबईत, ही चार-सहा महिन्यांनी, कधी वर्षाने त्याला बघणार. भाताची लावणी, नाचणी, गुरं, सासू-सासरे, खोताचं देणं, मुलं, सगळं तिच्यावर. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि कोकणाची अर्थव्यवस्था “मनीऑर्डरची” म्हणून ओळखली जाऊ लागली. आम्हाला मात्र हे वर्णन अपुरं वाटतं. मनीऑर्डर मुंबईहून गावाला येत होती, हे खरं. पण गावातून मुंबईला काय जात होतं? तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी तर जात होतीच. शिवाय आजारी पडलेला, संपात अडकलेला, म्हातारा झालेला कामगार परत गावात येत होता आणि त्याला सांभाळत होती ही बाई. पेन्शन, विमा, आजारपणाची रजा हे शब्द कामगाराला माहीत नव्हते, तेव्हा त्याचा विमा म्हणजे गावातलं घर होतं. त्या विम्याचा हप्ता बायको भरत होती, शेतात राबून.

म्हणून त्या काळच्या मालकांची जी तक्रार होती ती तपासून बघायला हवी. तक्रार अशी की हा माणूस मनाने शेतकरीच राहतो, शिमग्याला-गणपतीला गावी पळतो, शहरात रुजतच नाही. व्हिटली आयोगाचा १९३१ चा अहवाल थोडा समजूतदार होता. गावाशी असलेला दुवा तोडू नये, तो नियमित करावा, असं त्याचं म्हणणं. पण तिथेही गृहीत हेच, की हा अर्धा गावकरी आहे. आम्ही उलट म्हणू. ज्या शहरात नोकरी रोजच्या बोलीवर आहे, तिथे गाव सोडून देणं हा वेडेपणा ठरला असता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसं शहर सोडून गावी गेली. जायला गाव होतं म्हणून गेली. गावाशी दोर धरून ठेवणं हा मागासलेपणा नव्हता, तो व्यवहार होता. उद्योगांचा इतिहास लिहिणारे राजनारायण चंदावरकर यांनीही गावाशी असलेलं हे नातं कामगाराच्या शहरातल्या लढ्याला बळ देणारं होतं, हे दाखवलं आहे. संप लांबला तर खायला गावाकडे जाता येत होतं.

पण या गोष्टीचा फक्त गोडवा गायला नको. जी खोली आपल्या माणसाला दार उघडते, ती दुसऱ्याला बंद करते. गावाबरोबर गावाची जातही बोटीत बसून आली. चाळी, मजले, नळ जातीप्रमाणे वाटले गेले. गिरणीतसुद्धा जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत, कामगारांच्या वस्तीत, दोन खोल्यांमध्ये अनेक वर्षं राहिले होते. नव्या प्रदेशात बस्तान बसवणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. कुणाला दाराशी ओळखीचा माणूस भेटतो, कुणाला तिथेही जुनाच उंबरठा आडवा येतो.

सरकारने काय केलं, हे थोडक्यात. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या त्या बीआयटी चाळी. १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला तिथे कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग झाला. खोली बांधली म्हणजे घर झालं असं नाही. भाडं परवडायला हवं, गिरणी चालत जाण्याइतकी जवळ हवी, शेजारी ओळखीचा हवा. पुढे याच चाळींत कुटुंबं आली, पोरं जन्मली, भजनी मंडळं, कबड्डीचे संघ, गणेशोत्सव, शक्ती-तुरे रंगले. पहिल्या पिढीने खोली धरली, दुसरीने बायका-मुलं आणली, तिसरीने पत्ता सांगताना गावाच्या आधी लालबाग म्हणायला सुरुवात केली. रुजायला इतका वेळ लागला.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. महिने लोटले. खानावळींची उधारी थकली, बायका घरकामाला बाहेर पडल्या, पुष्कळ कामगार गावी गेले आणि त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. जुना विमा पुन्हा कामाला आला, पण या वेळी कित्येक गिरण्या परत उघडल्याच नाहीत. आज त्या जमिनींवर टॉवर आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणं ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गावाच्या खोलीचं काय? पावती एकाच्या नावावर, हक्क अख्ख्या गावाचा, तोही तोंडी. कायद्याला नाव लागतं. गाव हा भाडेकरू कागदावर कसा दाखवायचा?

तेव्हा शेवटी एवढंच. आजही माणसं कामासाठी येतात, पुण्याला येतात, ठाण्याला येतात. बिहारमधून, ओडिशातून, मराठवाड्यातून येतात, आणि आपली मुलं बंगळुरूला नाहीतर परदेशात जातात. त्यांच्याबद्दल बोलताना आपण रोजगार किती, पगार किती, एवढंच विचारतो. गिरणगावाचा इतिहास आणखी तीन प्रश्न विचारायला शिकवतो : याला पहिल्या रात्री जागा कुणी दिली? याच्या जेवणाची उधारी कुणाच्या डोक्यावर आहे? आणि मागचं घर कोण सांभाळतंय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देणारी माणसं मजुरीच्या हिशोबात कुठेच दिसत नाहीत. शहर मात्र त्यांच्याच जिवावर उभं राहतं.

आपल्या घरात एखादी जुनी ट्रंक असेल, भाडेपावत्या, मनीऑर्डरच्या पावत्या, मंडळाच्या वर्गणीची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. घरातल्या आजीला विचारा, त्या दिवसांत तुम्ही काय करत होतात. आजोबांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आजीची लिहून घ्यायची राहिली आहे.