संप नव्हे, एक दिवसाची रजा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२४ ऑक्टोबर १९७५. वार शुक्रवार. युरोपच्या उत्तर टोकाला, आइसलँड नावाच्या बेटावर त्या दिवशी सकाळी बायका कामाला गेल्याच नाहीत. आणि घरातलं कामही त्यांनी केलं नाही. ना स्वयंपाक, ना धुणीभांडी, ना मुलांचं काही. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वादोन लाखांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्यातल्या सुमारे नव्वद टक्के स्त्रिया या रजेत सामील झाल्या असं सांगतात.

काय झालं असेल? मासळीचे कारखाने बंद पडले. शाळा, पाळणाघरं बंद. टेलिफोन मुका. विमानात हवाई सुंदरी नाहीत म्हणून उड्डाणं रद्द. बँकेत काउंटरवर साहेब मंडळी येऊन बसली. वृत्तपत्रांची अक्षरजुळणी करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच, त्यामुळे छपाईही अडली. मुलांना कुठे ठेवायचं, म्हणून वडील त्यांना घेऊन कचेरीत आले. दुकानांतली सॉसेजेस संपली, कारण पुरुषांना पटकन शिजवता येण्यासारखा तेवढाच पदार्थ! रेडिओवरच्या बातम्यांच्या मागे मुलांचा दंगा ऐकू येत होता म्हणतात. मला हा तपशील फार आवडतो. सरकारी अहवालात असलं काही नसतं.

राजधानी रेक्याविकच्या चौकात सुमारे पंचवीस हजार स्त्रिया जमल्या. त्या गर्दीत आपल्या आईला आणि लहानग्या मुलीला घेऊन एक नाट्यदिग्दर्शिका उभी होती, विग्दिस फिनबोगादोत्तिर. तिच्याकडे पुढे येतेच.

१९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष आणि २४ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्र दिन. असले दिन आणि वर्षं येतात नि जातात. परिसंवाद होतात, हारतुरे होतात. मी नोकरीत होते तेव्हा आठ मार्चला आमच्या प्रत्येकीच्या टेबलावर गुलाबाचं फूल यायचं; बढतीची यादी मात्र नऊ मार्चला होती तशीच असायची. मग आइसलँडचा दिवस वेगळा का ठरला?

पहिलं कारण शब्दाचं. ‘रेड स्टॉकिंग्ज’ नावाच्या जहाल स्त्रीगटाची मूळ सूचना संपाची होती. पण संप म्हटलं की अर्ध्या बायका बिचकणार, आणि मालकाला नोकरीवरून काढायला निमित्त मिळणार. म्हणून नाव ठेवलं ‘स्त्रियांची एक दिवसाची रजा’. रजा मागणाऱ्या बाईला कोण नाही म्हणणार? त्या एका शब्दाने कामगार संघटनेतली बाई, सनातनी वळणाची गृहिणी आणि जहाल कार्यकर्ती एका चौकात आल्या. मला वाटतं, खरी हुशारी तिथे होती.

दुसरं कारण मागण्यांचं. त्या काळी तिथल्या स्त्रियांना पुरुषांच्या मिळकतीच्या साठ टक्क्यांहूनही कमी पैसे मिळत आणि साठ जणांच्या संसदेत स्त्रिया होत्या तीन. हे आकडे सगळ्यांच्या तोंडी होते. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, संसदेने स्त्री-पुरुष समानतेचा कायदा केला. १९८० मध्ये त्या विग्दिसबाई राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांनी मतदानाने निवडलेल्या जगातल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष. सोळा वर्षं त्या पदावर राहिल्या.

तरी पगार समान झाले का? नाही. मग त्या बायकांनी घड्याळ हाती घेतलं. हिशेब साधा. नऊ ते पाच हे आठ तास. स्त्रीची सरासरी मिळकत पुरुषाच्या चौसष्ट टक्के असेल, तर दुपारी दोन वाजून आठ मिनिटांनंतर ती फुकट राबते. २००५ च्या २४ ऑक्टोबरला त्या बरोबर दोन वाजून आठ मिनिटांनी कामावरून उठल्या. २०१० मध्ये दोन पंचवीसला. २०१६ मध्ये दोन अडतीसला. २०१८ मध्ये दोन पंचावन्नला. तेरा वर्षांत सत्तेचाळीस मिनिटं! याच गतीने पाचचा ठोका गाठायला आणखी चौतीस-पस्तीस वर्षं. दरवेळी प्रगती झाली, आणि किती थोडी झाली, तेही सगळ्या देशाला मिनिटांत समजलं.

१ जानेवारी २०१८ पासून तिथे एक वेगळाच कायदा लागू झाला. पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या संस्थेने समान कामाला समान पगार देतो हे तपासून घ्यायचं आणि तसं प्रमाणपत्र मिळवायचं. तोवर अन्याय झाला हे बाईने सिद्ध करायचं असे. आता अन्याय होत नाही हे मालकाने दाखवायचं. २०२३ च्या २४ ऑक्टोबरला १९७५ नंतर प्रथमच पूर्ण दिवस काम बंद राहिलं. स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्यांनाही त्या वेळी हाक होती. आणि पंतप्रधान कत्रिन याकोब्सदोत्तिर याही कामावर गेल्या नाहीत.

आपल्याकडेही १९७५ साल कोरडं गेलं नाही. त्या महिला वर्षातच, सप्टेंबरमध्ये, समान वेतनाचा अध्यादेश निघाला. १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. हा कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावला. त्याची कसोटी लागली मुंबईत. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत लघुलेखन करणाऱ्या एका बाईंनी पुरुष लघुलेखकांपेक्षा आपल्याला पगार कमी का, असा दावा लावला. त्यांची नोकरी १९७७ मध्येच गेली होती, तरी त्या भांडत राहिल्या. कंपनी म्हणाली, हा पगार युनियनशी झालेल्या करारानेच ठरला आहे. शिवाय आमची परिस्थिती बेताची आहे. मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. असा करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि समान वेतनाचा कायदा लागू होणं मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं त्या निकालात स्वच्छ म्हटलं आहे.