युरोपीय लष्करी पिस्तुले : संग्रह, वापर आणि इतिहासाचे साधन (सातारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
जुन्या शस्त्रांकडे आपल्याकडे शौर्याचे प्रतीक म्हणून किंवा गुन्ह्याचा पुरावा म्हणून पाहिले जाते. ऐतिहासिक साधन म्हणून त्यांचा अभ्यास मात्र अल्प झाला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात युरोपीय बनावटीच्या लष्करी पिस्तुलांवरील ठसे, अनुक्रमांक व त्यांच्याशी निगडित कौटुंबिक स्मृती यांचा परस्परसंबंध तपासला आहे. पिस्तूल आणि त्याची हकिकत यांची ताटातूट झाल्यास दोन्हींचे मोल घटते, हे येथील मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : लष्करी पिस्तूल, अनुक्रमांक, प्रतिसरकार, शस्त्र कायदा, मौखिक इतिहास.

१. प्रस्तावना
'पिस्तूल' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. 'काडतूस' हा शब्दही त्याच वाटेने आला. 'बंदूक' अरबीतून तर 'तमंचा' तुर्कीतून आला. शस्त्रे जशी या भूमीत आली तशी त्यांची नावेही आली आणि येथलीच होऊन गेली. खंडेनवमीला अनेक घरांतून तलवार, कट्यार, भाला यांची पूजा होते. मात्र विसाव्या शतकातील पिस्तुलाला देवघरासमोर जागा मिळत नाही. ते ट्रंकेच्या तळाशी राहते, किंवा घरातून निघून जाते.

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुका हा सैनिकांचा मुलूख होय. (पुणे जिल्ह्यातील भीमा-कोरेगाव येथे अभिप्रेत नाही.) तालुक्यातील एका माजी सैनिकाच्या घरी प्रस्तुत लेखकास एक कातडी म्यान पाहावयास मिळाले. आतील बाजूस 'पी. ०८' हा ठसा आणि १९४० हे वर्ष होते. आतले पिस्तूल आजोबांच्या निधनानंतर कुटुंबाने रीतसर जमा केले होते. जपून ठेवलेल्या पावतीवर 'विदेशी बनावटीचे पिस्तूल, नग एक' एवढाच मजकूर होता. रिकामे म्यान जे सांगते तेवढेही पावती सांगत नाही. या अनुभवातून प्रस्तुत विषयाची निवड झाली.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती
(१) लष्करी पिस्तुलावरील खुणांचे ऐतिहासिक मूल्य स्पष्ट करणे.
(२) महाराष्ट्राच्या इतिहासातील निवडक घटनांच्या आधारे शस्त्राच्या प्रवासाचे महत्त्व दाखविणे.
(३) संग्रह व वापर यांसंबंधीच्या कायदेशीर चौकटीचा विचार करून उपाय सुचविणे.
त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. लोखंडावरील लेख
ताम्रपट वाचताना आपण लिपी, शिक्का व कालोल्लेख पाहतो. लष्करी पिस्तूलही त्याच दृष्टीने वाचता येते, कारण सैन्य हा मोठा हिशेबनीस असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या पिस्तुलांवर प्रारंभी कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यावर असे ते हृदयाकृती व्यापारी चिन्ह असे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर त्या जागी मुकुटधारी सिंह आला. व्यापारी मंडळी राज्यकर्ती कशी झाली, हे त्या दोन ठशांतूनही दिसून येते.

गेऑर्ग लुगर याने सिद्ध केलेले पिस्तूल जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये स्वीकारले. 'पी. ०८' हे नाव त्यावरूनच पडले. सैन्यासाठी बनविलेल्या बहुतेक नगांवर वर्षाचा ठसा असतो. लहानसहान सुट्या भागांवरही मूळ अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे कोरलेले असतात. सर्व आकडे जुळले तर पिस्तूल कारखान्यातून निघाले तसेच आहे असे मानता येते. न जुळल्यास कोठेतरी दुरुस्ती वा अदलाबदल झाली असावी.

इटलीच्या बेरेटा १९३४ या पिस्तुलावर कारखान्याचे नाव, गार्दोने हे गाव आणि निर्मितीचे वर्ष असते. अनेक नगांवर इसवी सनाशेजारी रोमन आकड्यांत आणखी एक वर्ष आढळते. ते मुसोलिनीच्या १९२२ मधील सत्तारोहणापासून मोजलेले फॅसिस्ट वर्ष होय. 'आर. ई.' ही अक्षरे राजाच्या भूदलाची मालकी दर्शवितात. तळहाताएवढ्या वस्तूवर एका राजवटीचा कालगणना बदलण्याचा अट्टहास असा उमटलेला आहे.

४. नाशिक १९०९ आणि दिल्ली १९४८
पिस्तुलाचा माग काढणे म्हणजे काय, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यासाठी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस आणली होती. ब्राउनिंगच्या आराखड्याचे बेल्जियममध्ये बनलेले पिस्तूल त्या देशाच्या सैन्याने १९०० मध्ये स्वीकारले होते. म्हणजे युरोपातील सैनिकी तंत्र अल्पावधीतच गोदाकाठी पोहोचले. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पिस्तुलांचा हाच धागा सावरकरांवरील खटल्यातही महत्त्वाचा ठरला.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या हत्येसाठी वापरलेल्या बेरेटा पिस्तुलाचा क्रमांक ६०६८२४ हा खटल्याच्या कागदपत्रांत नोंदला गेला. हत्येपूर्वी दोन दिवस ते ग्वाल्हेरहून मिळविल्याचे तपासात पुढे आले. इटलीतील कारखाना ते ग्वाल्हेर या प्रवासाची एकमान्य नोंद मात्र नाही, म्हणून त्याविषयी आख्यायिकाच अधिक सांगितल्या जातात. दोन्ही प्रकरणांत राज्यसत्तेने आरोप सिद्ध करण्यासाठी शस्त्राचा माग काढला आणि खटला संपला तेथे तोही थांबला. इतिहासकाराचे काम त्यापुढे सुरू होते.

५. एकाच जिल्ह्यातील दोन इतिहास
दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेन येथे इटालियन सैन्याशी लढल्या. पुढे त्या इटलीच्या भूमीवर जर्मन सैन्याशी लढल्या. तेथे यशवंत घाडगे (१९४४) व नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर होता. भारतीय पलटणींतील अधिकाऱ्यांच्या कमरेला सामान्यतः ब्रिटिश रिव्हॉल्व्हर असे. त्यामुळे सैनिकाच्या घरी आढळणारे इटालियन वा जर्मन पिस्तूल रणांगणावर हाती आले असण्याचा संभव मोठा असतो. परंतु संभव म्हणजे सिद्धता नव्हे.

कारण त्याच काळात सातारा जिल्ह्यात दुसरा इतिहास घडत होता. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार कार्यरत होते. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग समाविष्ट होता. प्रतिसरकारची तुफान सेना पोलिसांकडून हिसकावलेली व गुप्त मार्गांनी मिळविलेली शस्त्रे बाळगीत असे. म्हणजे एक भाऊ सरकारच्या पलटणीत इटलीत, तर दुसरा त्याच सरकारविरुद्ध भूमिगत, अशी स्थिती एखाद्या घरात सहज संभवत होती.

अशा घरातील पिस्तूल कोणत्या भावाचे? अनुक्रमांक आपल्याला कारखान्यापर्यंत नेतो, घरापर्यंत आणत नाही. ते युद्धातील विजयचिन्ह होते की बंडाचे साधन, हे केवळ घरातील सांगणे, पत्रे, सेवापुस्तिका व छायाचित्रे यांवरून ठरते. उलटपक्षी, कौटुंबिक कथेची परीक्षा लोखंड घेते. आजोबांनी १९४१ मध्ये केरेनला मिळविले म्हणून सांगितलेल्या पिस्तुलावर १९४२ चा ठसा असेल तर कथा तपासावीच लागेल. वस्तू आणि स्मृती यांनी परस्परांची साक्ष तपासणे, हाच या साधनाचा खरा उपयोग होय.

६. संग्रह, वापर आणि कायदा
१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपीयांना त्यातून सवलत दिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यातील कलम ४५ नुसार जुन्या पद्धतीचे वा पुरातन मूल्याचे, दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाही असे शस्त्र कायद्याच्या बंधनातून वगळले आहे. चालू स्थितीतील पिस्तुलास मात्र परवाना आवश्यकच असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील परवानाप्राप्त अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाने येणाऱ्या शस्त्रांनाही तीच लागू केली. लुगरचे नऊ मिलिमीटर काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये मोडत असल्याने सामान्य नागरिकास तसा परवाना दुर्मीळच. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंचा विचार करतो. एक कायदा 'हे चालते का?' असे विचारतो, तर दुसरा 'हे किती जुने?' असे विचारतो. 'हे या घरात कसे आले?' हा इतिहासाचा प्रश्न दोहोंच्या केंद्रस्थानी नाही.

युरोपात जुनी पिस्तुले चालविण्याचा रीतसर क्रीडाप्रकार आहे. ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पंचवीस मीटर अंतरावर तीस मिनिटांत तेरा गोळ्या झाडून त्यांतील उत्तम दहा धरल्या जातात. अस्सल शस्त्रे व प्रतिकृती यांचे गट वेगळे असतात. चाप ओढल्यावर चकमकीची ठिणगी, कानातील दारूचा भडका आणि मग मुख्य स्फोट, यांत जाणारा क्षण ग्रंथ वाचून कळत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु जुन्या पोलादाला दृष्टीस न पडणारे तडे असू शकतात. जुन्या काडतुसांतील क्षार नळीस गंज आणतात. मोडलेला भाग बदलला की जुळणारे अनुक्रमांकही विस्कटतात. म्हणून अनुभवासाठी प्रतिकृती आणि अभ्यासासाठी मूळ वस्तू, हा विवेक इष्ट ठरतो. आपल्याकडे तर कायद्यानेही तोच मार्ग खुला आहे.

७. वाघनखांचा धडा
जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात उसनवारीने आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती असे सांगितले जाते. त्यापूर्वीचा दुवा निर्विवाद नसल्याने ती शिवछत्रपतींचीच का, यावर मोठा वाद झाला. दोनशे वर्षांपूर्वी कोणी चार ओळी नीट लिहून ठेवल्या असत्या तर हा वाद पुष्कळ अंशी टळला असता. आजच्या ट्रंकेतील पिस्तुलांबाबत त्या चार ओळी लिहिणे अद्याप आपल्या हाती आहे.

८. निष्कर्ष व शिफारशी
(१) लष्करी पिस्तुलावरील खुणा निर्मितीचा व मालकीचा विश्वसनीय पुरावा देतात. मात्र वस्तूचा सामाजिक अर्थ कौटुंबिक स्मृतीतूनच उलगडतो.
(२) विसाव्या शतकातील सातारा जिल्ह्याच्या संदर्भात एकच शस्त्र परस्परविरोधी इतिहासांचे साक्षीदार असू शकते, म्हणून त्याच्या प्रवासाची नोंद अत्यावश्यक ठरते.
(३) शस्त्र जमा करून घेताना पावतीवर बनावट, नमुना, वर्ष, सर्व ठसे व अनुक्रमांक लिहावेत आणि छायाचित्र जोडावे. जप्त वा जमा शस्त्रे नष्ट करण्यापूर्वी संग्रहालयाचे मत घेण्यात यावे.
(४) महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी माजी सैनिक व स्वातंत्र्यसैनिक यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घ्याव्यात. शस्त्र परवान्याविना असल्यास ते कायद्यानुसार जमा करण्याचा सल्ला प्रथम द्यावा आणि त्याची हकिकत लिहून घ्यावी.

महायुद्ध पाहिलेली पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. तिचे बोलणे ऐकलेली मुले-नातवंडे मात्र आहेत. लोखंड सरकारजमा झाले तरी त्याची गोष्ट घरात राहू शकते. ती कोणीतरी वेळेवर विचारली पाहिजे, एवढेच.