उतरवलेली बंदूक

नातू सुपरमॅन बघत बसतो. त्याला ते उडणं आवडतं. मी मात्र त्या गड्यानं उगारलेला हात खाली घेतला की थबकतो. त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललं असेल? मग हमखास आठवतात नवेगाव बांधचे माधवराव पाटील डोंगरवार.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत एके काळी मालगुजाराचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, शब्द म्हणजे कायदा. नवेगावचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडी बुजवून बांधला. आज लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. अशा तलावांकाठी शिकार चालायची, तीही सत्तेचाच भाग. माझे आजोबा हाक्याला जात. डबे बडवत, ओरडत, काट्याकुट्यांतून रान उठवायचं आणि सावज मचाणाकडे रेटायचं. त्याला पळायला वाटच ठेवायची नाही, अशी ती रचना. बार झाला की आजोबांचे कान दिवसभर वाजत.

पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा होऊन ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव झाले. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुष्कळ बंदुका भिंतीवर गेल्या. पण बंदी वेगळी, स्वतःला आवरणं वेगळं. माधवराव स्वतः शिकारी होते. त्यांनी शिकार सोडली, पण शिकाऱ्याचं ज्ञान सोडलं नाही. वारा कुठून येतो, पाखरू कुठे उतरतं, माग किती ताजा, हे सगळं त्यांनी पक्षी राखण्याच्या कामी लावलं. मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी असताना माधवरावांसोबत हिंडले आणि त्यांच्याविषयी जीव लावून लिहिलं. 1975 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं.

मला वाटतं, ज्याला नेम धरताच येत नाही, त्याच्या अहिंसेची परीक्षा कधी होतच नाही. माधवरावांची रोज होत असणार. कारण हाताला सवय असते. हात ती विसरत नाही.

मागल्या हिवाळ्यात पहाटे तलावाच्या पाळीवर बसलो होतो. अडई बदकांचा थवा शीळ घालत समोरच्या उथळ पाण्यात उतरला. एकीनं मान वळवली, पंखाखाली चोच घातली. मी आयुष्यात बंदूक धरलेली नाही. तरी आजोबांनी शिकवलेलं अंतर मनात आपोआप मोजलं गेलं: तीस पावलं. आणि श्वास रोखला गेला, तोही त्यांच्यासारखाच.